सशाची शरीररचना व शरीरव्यापार : पाळणारानें प्रथम काय जाणावें

ससा आपल्या भाषेंत फार जुना आहे. चंद्रास आपण शशांक म्हणतों. जी वस्तु मुळींच अस्तित्वांत नाहीं तिला सशाचें शिंग म्हणतों. आणि एखाद्या मनुष्याची दाही दिशांस दैना झाली म्हणजे त्याची ससेहोलपट झाली असें म्हणतों. शब्द इतका ओळखीचा असल्यामुळें प्राणीहि आपल्या ओळखीचा आहे असा आपला समज होतो. वस्तुतः गाय, म्हैस, बैल व शेळी यांच्या प्रकृतीची आपणांस जी पिढीजात माहिती आहे, तिचा दहावा हिस्साहि माहिती सशाविषयीं नाहीं. जोडधंदा म्हणून ससे पाळावे असा सल्ला मात्र शेतकऱ्यांस वेळोवेळीं दिला जातो, आणि शेळीस जें चालतें तें सशासहि चालेल अशा समजुतीनें धंदा सुरू केला म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यांत खुराडें रिकामें होतें.

आपल्या सभासदांचीं मुलेंमुली आतां परभणीच्या व उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकावयास जातात. परभणीचें महाविद्यालय १९७२ सालीं निघालें. तेथें शरीररचनेचा अभ्यास मुख्यतः गाय-बैल हा नमुना धरून होतो व इतर प्राण्यांची तुलना त्याशीं केली जाते. म्हणून प्रस्तुत लेखांतहि तीच पद्धत ठेविली आहे : ससा आपल्या गोठ्यांतील जनावरांहून कोठें निराळा आहे, तें निराळेपण कां आहे, आणि त्यामुळें पाळणारावर कोणतें कर्तव्य पडतें, या तीन गोष्टी क्रमानें सांगावयाच्या आहेत.

१. रानससा व पाळीव ससा

आपल्या माळावर, ज्वारीच्या धसकटांत किंवा कन्नडकडील गौताळ्याच्या जंगलांत जो ससा पायाखालून उडतो, तो काळ्या मानेचा रानससा होय. पिंजऱ्यांत पाळतात तो ससा मूळचा युरोपांतील, स्पेन-पोर्तुगाल या बाजूचा. दोघे एका कुळांतील खरे, परंतु त्यांच्यांत संकर होऊं शकत नाहीं. कारण रानसशाच्या पेशींत ४८ गुणसूत्रें असतात व पाळीव सशाच्या पेशींत ४४. रानससा बीळ खणीत नाहीं. गवतांत शरीरापुरती बैठक करून तेथेंच राहतो. त्याचीं पिलें जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात, आणि थोड्याच वेळांत उड्या मारूं लागतात. पाळीव ससा बीळ खणणारांच्या वंशांतला. त्याचीं पिलें उघडीं-नागडीं व आंधळीं जन्मतात, आणि त्यांचे डोळे सुमारें दहाव्या-अकराव्या दिवशीं उघडतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, पाळीव मादीस विण्यापूर्वीं अंधाऱ्या बिळासारखी पेटी दिलीच पाहिजे. दुसरी ही कीं, रानांतील ससा धरून आणून पाळण्याचा विचार कोणीं करूं नये. त्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याचें संरक्षण आहे. त्यास धरणें, मारणें किंवा बाळगणें हा गुन्हा होय.

२. दांत

सशास २८ दांत असतात. पुढें पटाशीचे, मध्यें मोकळी जागा, आणि आंत दाढा अशी त्यांची मांडणी असते, सुळे नसतात. उंदीर-घुशींप्रमाणें तोहि कुरतडतो म्हणून पूर्वींचे प्राणिशास्त्रज्ञ त्यास उंदरांच्याच वर्गांत घालीत. १९१२ सालीं गिडले या अमेरिकन शास्त्रज्ञानें त्यास निराळ्या वर्गांत काढलें. त्याची खूण कोणासहि पाहतां येण्यासारखी आहे. सशाचा वरचा ओठ उचलून पाहिल्यास पटाशीच्या दोन मोठ्या दांतांच्या पाठीमागें खुंटीसारखे आणखी दोन बारीक दांत दिसतात. उंदरास ते नसतात.

सशाचे सर्व दांत, दाढांसुद्धां, जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दांत आठवड्यास सुमारें दोन मिलिमीटर वाढतात. म्हणजे झीज न झाल्यास वर्षांत दहा सेंटिमीटरांवर जातील. ही झीज गवत चावण्यानें होते. ससा गवत खातांना खालचा जबडा आडवा फिरवितो व जात्याच्या पाळीप्रमाणें दाढांवर दाढा घासतो. धान्य, भाकरीचे तुकडे, भरडा हे पदार्थ तो उभे चावून फोडतो. त्यांत दाढा घासल्या जात नाहींत. परिणाम असा होतो कीं, नुसत्या खुराकावर ठेवलेल्या सशाच्या दाढांस कांहीं महिन्यांत टोकें येतात, तीं जिभेस व गालास टोंचतात, आणि ससा भूक असूनहि खात नाहीं. मालक म्हणतो ‘पोट बिघडलें’. दुखणें तोंडांत असतें. हनुवटी लाळेनें ओली दिसली कीं प्रथम दांत पाहावे. वाढलेले दांत पकडीनें तोडूं नयेत. ते उभे चिरतात व मुळाशीं पू होतो. तें काम पशुवैद्याचें आहे.

३. हाडें व पाठीचा कणा

सशाच्या सांगाड्याचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा ७ ते ८ इतकेंच असतें. मांजराच्या बाबतींत हेंच प्रमाण शेंकडा १२ ते १३ आहे. म्हणजे अडीच किलो वजनाच्या सशाचीं सर्व हाडें मिळून दोनशें ग्रॅमपर्यंतच भरतात. याच्या उलट, शरीराचें निम्म्याहून अधिक वजन मांसाचें, आणि त्यांतहि मागच्या पायांचे व कमरेचे स्नायु अतिशय बळकट. लांब उडी घेऊन पळणें हाच ज्याचा एकमेव बचाव, त्यास हलकीं हाडें व मोठे स्नायु हीच रचना सोयीची आहे.

पण हीच रचना त्याच्या नाशासहि कारण होते. सशास कानास धरून उचललें, अगर पुढून धरून मागचे पाय लोंबते सोडले, म्हणजे तो जोरानें लाथ झाडतो. आणि त्या झटक्यानें त्याचाच कणा कमरेंत मोडतो. कंबरेच्या सात मणक्यांपैकीं शेवटल्या मणक्याजवळ हा मोड बहुधा होतो. मागचे पाय लुळे पडतात, लघवी आपोआप गळते, आणि मग उपाय राहत नाहीं. म्हणून एक हात छातीखालीं व दुसरा हात पुठ्ठ्याखालीं देऊन, अंगाशीं धरूनच ससा उचलावा. मुलांच्या हातीं देतांना त्यांस आधीं खालीं बसवावें.

पुढील पायास पांच व मागील पायास चार बोटें असतात. कुत्र्या-मांजरांप्रमाणें तळव्यास गादी नसते. तेथें नुसते दाट केस असतात. यामुळें तारेच्या जाळीवर सदैव ठेवलेल्या जड सशांच्या टांचांस जखमा होतात. जाळीवर एका बाजूस लाकडाची फळी किंवा गवताची बैठक ठेवली म्हणजे हा त्रास टळतो.

४. श्वास, हृदय आणि उन्हाळा

आपल्या भागाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें प्रकरण हेंच होय.

सशाची छाती लहान, हृदय त्याहून लहान. शरीराच्या वजनाच्या शेंकडा ०.३ एवढेंच. तें मिनिटास १८० ते ३०० ठोके देतें, आणि श्वास मिनिटास ३० ते ६० होतात. श्वास तो केवळ नाकानें घेतो. ससा तोंड उघडून श्वास घेऊं लागला म्हणजे तें अखेरचें लक्षण समजावें. लघवीचा उग्र वास कोंडणाऱ्या बंद खोलींत नाकाच्या आंतील त्वचा दुखावते, तेथें रोगजंतु शिरतात, आणि शिंका, नाकांतून पू व पुढें फुप्फुसांस सूज अशी मालिका सुरू होते. आपल्या नाकास वास झोंबला तर सशास तो आधींपासूनच झोंबत आहे असें समजावें.

सशाच्या शरीराची उष्णता ३८.५ ते ४० अंश सेंटिग्रेडपर्यंत असते. ही उष्णता बाहेर टाकण्याचें त्याचें साधन कोणतें? बैलास घाम येतो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. सशास उपयोगी पडेल असा घाम येत नाहीं व धापा टाकणें त्यास नीट साधत नाहीं. त्याचें मुख्य साधन म्हणजे कान. दोन्ही कान मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारें शेंकडा १२ भाग होतो. कानाच्या मधोमध एक मोठी धमनी व कडेनें शिरा असतात. उष्मा वाढतांच या वाहिन्या रुंदावतात, ऊन रक्त पातळ कातडीखालून वाहतें, व हवेला उष्णता देऊन थोडें थंड होऊन परत जातें.

आतां विचार करावा. कानांतून उष्णता बाहेर केव्हां जाईल? हवा रक्ताहून थंड असेल तेव्हांच. सशास १५ ते २० अंशांची हवा मानवते. ३० अंशांच्या पुढें त्यास त्रास होऊं लागतो. आपल्याकडे वैशाखांत दुपारीं पारा चाळिशीस पोंचतो. अशा वेळीं हवा सशाच्या रक्ताहूनहि ऊन असते, आणि तोच कान उष्णता बाहेर टाकण्याऐवजीं आंत ओढूं लागतो. शरीराचा व्यवहारच उलटा होतो. सावलींत असलेला, पाणी प्यालेला, निरोगी ससा भर दुपारीं मरतो त्याचें कारण हें आहे.

यावरून उपायहि ठरतो. नुसता पंखा लावणें पुरत नाहीं. चाळीस अंशांची हवा अंगावर फेंकून काय लाभ? हवा स्वतःच थंड केली पाहिजे. सुदैवानें आपला उन्हाळा कोरडा आहे. कोरड्या हवेंत पाणी लवकर उडतें व उडतांना उष्णता घेऊन जातें. म्हणून खुराड्याच्या पश्चिमेस व वाऱ्याच्या बाजूस ओलें गोणपाट सतत ठेवावें, पत्र्यावर चुना देऊन वर कडब्याच्या पेंढ्या पसराव्या, छप्पर पूर्व-पश्चिम लांब ठेवावें, आणि शक्य तर तें लिंबाच्या दाट सावलींत घालावें. मातीच्या ओल्या भांड्यास टेकून बसण्याची सोय केल्यास ससे आपण होऊन तेथें जातात. ससा लांब पसरून, मान ताणून, जलद श्वास घेऊं लागला व कान तापलेले लागले, तर त्यास सावलींत घेऊन कान साध्या थंड पाण्यानें भिजवावे. बर्फाचें पाणी घालूं नये, कारण त्यानें कानांतील वाहिन्या आखडतात व उष्णता आंतच कोंडते. ज्यास हा खर्च व ही दगदग जमणार नाहीं, त्यानें या भागांत ससे पाळूं नयेत हें उत्तम.

५. पोट : रवंथ न करणारा गवतखाऊ

गाय प्रथम गवत कुजविते व मग पचविते. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या पिशवींत सूक्ष्म जंतु गवताचें काम करतात, आणि पुढच्या पोटांत व आंतड्यांत त्या कामाचें फळ शरीरास मिळतें. सशांत ही व्यवस्था उलट आहे. त्याचें जठर एकच, साधें व लहान. त्यांत तीव्र आम्ल असतें, व तें सहसा पूर्ण रिकामें होत नाहीं. जठराच्या वरच्या तोंडाशीं इतका घट्ट स्नायु असतो कीं सशास ओकारी होऊंच शकत नाहीं. जें आंत गेलें तें पुढेंच गेलें पाहिजे. म्हणून त्याच्या पोटांत वायु धरणें हें मोठें संकट होय.

जंतूंची पिशवी सशास आहे, पण ती लहान आंतड्याच्या शेवटीं. तिला अंधांत्र म्हणतात. मेलेल्या सशाचें पोट विद्यार्थ्यानें उघडलें म्हणजे प्रथम नजरेस येते ती हीच राखी-हिरवट, पातळ कातडीची, मळसूत्रासारखी वळलेली पिशवी. अन्नमार्गांत एकूण जेवढें मावतें त्याचा सुमारें अर्धा भाग तिच्यांतच असतो. तिच्या टोंकास बोटासारखें आंत्रपुच्छ असतें, आणि लहान आंतडें जेथें तिला मिळतें तेथें एक गोल फुगवटा असतो. तो रोगप्रतिकारक पेशींनीं भरलेला असून इतर जनावरांत तसा आढळत नाहीं.

येथें एक अडचण उभी राहते. अन्नाचा रस शोषून घेण्याचें मुख्य स्थान लहान आंतडें. तें तर मागें राहिलें. अंधांत्रांत जंतूंनीं तयार केलेलीं प्रथिनें व जीवनसत्त्वें वाया जावयाचीं काय? निसर्गानें याची तोड विलक्षण काढली आहे. मोठ्या आंतड्याच्या आरंभीं चाळणीसारखी क्रिया चालते. जाडेंभरडें तंतुमय तें लवकर पुढें ढकललें जाऊन कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपानें बाहेर पडतें. बारीक कण व रस उलट्या लाटेनें अंधांत्रांत परत नेले जातात. पुढें कांहीं तासांनीं, ससा निवांत असतां, अंधांत्रांतील माल मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडासारख्या लहान गोळ्यांच्या रूपानें येतो, आणि ससा तो गुदद्वारापासूनच तोंडानें उचलून न चावतां गिळतो. त्यावर श्लेष्म्याचें वेष्टन असल्यामुळें जठरांतील आम्ल त्यांतील जंतूंस लगेच मारीत नाहीं. अशा रीतीनें एकच अन्न दोन वेळां आंतड्यांतून जातें. मोरो या फ्रेंच पशुवैद्यानें १८८२ सालीं या दोन प्रकारच्या लेंड्यांचें वर्णन केलें. पाहणारास हा प्रकार किळसवाणा वाटतो व कोणी सशास त्यापासून परावृत्त करूं पाहतात. तसें करणें म्हणजे गाईस रवंथ करूं न देण्यासारखें आहे.

या रचनेवरून आहाराचे नियम सांगतां येतात.

पहिला नियम : वाळलें गवत सशापुढें रात्रंदिवस असावें. त्यांतील चोथा जंतूंचें अन्न म्हणून तितका उपयोगी नाहीं. तो आंतड्यास चालविणारा आहे. चोथा कमी पडला कीं आंतडें मंदावतें. गवत पिठाइतकें बारीक कुटून घालूं नये. बारीक झालेला भाग अंधांत्रांत परत जातो व चोथ्याचें काम करीत नाहीं.

दुसरा नियम : भरडा व पेंड मोजूनच द्यावी. पिठूळ पदार्थ फार झाला तर न पचलेलें पीठ अंधांत्रांत पोंचतें, तेथील नेहमींचे जंतु हटतात, विषारी जंतु माजतात, आणि हगवण लागून एका रात्रींत ससा जातो. दूध तुटलेल्या पिलांत ही भीति सर्वांत अधिक.

तिसरा नियम : चारा एकदम बदलूं नये. वाळल्या गवतावरून लसूणघासावर आणावयाचें तर आठ-दहा दिवस थोडें थोडें वाढवीत जावें. पावसानें भिजलेला, सडलेला अगर बुरसट चारा कधींहि घालूं नये. कोवळ्या ज्वारीनें गुरांस विष बाधतें हें आपण जाणतांच. ती सशासहि घालूं नये. सुबाभळीच्या पाल्यांत मिमोसिन नांवाचें द्रव्य असतें. तो मुख्य चारा म्हणून दिल्यास केस गळतात व वाढ खुंटते.

चौथा नियम : बारा तास ससा खात नसेल व लेंड्या पडल्या नसतील तर उद्यांची वाट पाहूं नये. उपाशी बैल दोन दिवस तग धरील. उपाशी सशाचें आंतडें थांबतें, शरीरांतील चरबी यकृतांत सांठते, आणि मग खाऊं घातलें तरी तो सांवरत नाहीं.

६. सशानें विज्ञानास शिकविलेल्या दोन गोष्टी

विद्यार्थ्यांसाठीं येथें दोन इतिहास सांगणें उचित होईल. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नजरेस आले.

सशांत पित्ताची नळी जठराच्या शेजारींच आंतड्यांत उघडते, पण स्वादुपिंडाची नळी तेथून सुमारें एक फूट वा अधिक पुढें उघडते. इतर पुष्कळ जनावरांत या नळ्या जवळ असतात. बर्नारनें चरबी खाल्लेल्या सशाचें आंतडें पाहिलें, तेव्हां पित्ताच्या नळीपुढें चरबीचा पांढरा रस वाहिन्यांत दिसला नाहीं. स्वादुपिंडाच्या नळीच्या पुढें मात्र दिसला. चरबी पचविण्यांत स्वादुपिंडाच्या रसाचा हात आहे हें त्यावरून ठरलें.

दुसरी गोष्ट लघवीची. गवत खाणाऱ्या सशाची लघवी गढूळ व क्षारयुक्त असते. बाजारांतून आणलेल्या सशांची लघवी मांसाहारी प्राण्यांप्रमाणें स्वच्छ व आम्ल आहे असें बर्नारला दिसलें. त्यानें तर्क केला कीं हे ससे उपाशी असावे व स्वतःच्याच मांसावर जगत असावे. त्यांस गवत घालतांच लघवी गढूळ झाली. पुन्हा उपाशी ठेवतांच स्वच्छ झाली. पाळणारानें यांतून हें शिकावें कीं सशाची गढूळ, पांढरट लघवी हा रोग नव्हे. ससा चाऱ्यांतील चुना गरजेपेक्षां जास्त शोषून घेतो व जास्त झालेला मूत्रावाटे टाकतो. कधीं कधीं पाल्यांतील रंगद्रव्यामुळें लघवी तांबूसहि दिसते. परंतु लघवी पिठल्यासारखी दाट होऊं लागली तर पाणी कमी पडतें आहे व लसूणघासासारखा चुनायुक्त चारा जास्त होतो आहे असें जाणावें. सशास दर किलो वजनामागें दिवसास ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतें. उन्हाळ्यांत अर्थातच अधिक.

७. प्रजनन

गाय-म्हशीप्रमाणें सशाची मादी ठराविक दिवसांनीं माजावर येऊन बीज सोडीत नाहीं. नराशीं संयोग झाल्यानंतर दहा ते तेरा तासांनीं तिचें बीज सुटतें. तिच्या गर्भाशयाच्या दोन शाखा पूर्णपणें वेगळ्या असून त्यांचीं दोन निराळीं मुखें योनिमार्गांत उघडतात. गाईच्या गर्भाशयास मुख एकच असतें; परीक्षेंत हा फरक ध्यानांत ठेवावा.

मादीस नराच्या पिंजऱ्यांत न्यावें. नरास तिच्याकडे नेल्यास ती आपली जागा राखण्यासाठीं त्यास चावते. गर्भ सुमारें ३१ दिवस राहतो. विण्यापूर्वीं ती स्वतःच्या छातीपोटाचे केस उपटून पेटींत अंथरते. पिलांस ती दिवसांतून बहुधा एकदांच, तीन ते पांच मिनिटें, दूध पाजते व निघून जाते. नवशिका मालक समजतो कीं आईनें पिलें टाकलीं, व वारंवार पेटी उघडून घोटाळा करतो. रानांत आई बिळाजवळ घुटमळली तर कोल्ह्यास बिळाचा ठाव लागेल. म्हणून ही चाल. दूध इतकें घट्ट असतें कीं एका वेळेचें दिवसभर पुरतें. त्यांत म्हशीच्या दुधाहूनहि स्निग्धांश व प्रथिनें पुष्कळ अधिक. सकाळीं एकदां पेटी पाहून पिलांचीं पोटें भरलेलीं आहेत व सर्व पिलें एकत्र आहेत एवढेंच तपासावें, आणि मेलेलें पिलूं काढून टाकावें.

नराविषयीं एक गोष्ट फार थोडे जाणतात. वृषण तापले म्हणजे वीर्य नापीक होतें, आणि नवें वीर्य तयार होऊन येण्यास दीड ते दोन महिने लागतात. म्हणून मे महिन्यांत भाजलेला नर पाऊस पडून हवा थंड झाली तरी जुलैपर्यंत उपयोगी पडत नाहीं. दोष मादीवर येतो व चांगल्या माद्या विकल्या जातात. उन्हाळ्यांत थंड जागा एकच असेल तर ती नरांस द्यावी.

८. औषधासंबंधीं इशारा

गाईगुरांस अगर कोंबड्यांस आणलेलें उरलेलें औषध सशास पाजणें हें मारण्यासारखें आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन हीं औषधें तोंडावाटे दिलीं असतां अंधांत्रांतील उपकारक जंतु मरतात, विषारी जंतु वाढतात व ससा हगवणीनें दगावतो. लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन यांचेंहि तसेंच. गोचीड-पिसवांसाठीं कुत्र्यांवर फवारतात तें फिप्रोनिल सशांस विषारी आहे. उलट, कित्येक सशांच्या रक्तांत अँट्रोपिन फोडून टाकणारें द्रव्य जन्मतः असतें. त्यामुळें धोत्र्यासारखीं विषारी पानें त्यांस बाधत नाहींत, व कीटकनाशकाच्या विषबाधेवर दिलेलें अँट्रोपिन त्यांच्या अंगांत टिकत नाहीं. जें इतरांस विष तें त्यास अन्न, व जें इतरांस औषध तें त्यास विष. म्हणून सशाच्या बाबतींत अंदाजानें चालूं नये.

९. शरीराचा हिशेब व कागदाचा हिशेब

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ससेपालनाचा सल्ला देणारा बहुधा एक कोष्टक दाखवितो : गर्भकाळ ३१ दिवस, म्हणून वर्षांत अकरा वेतें, प्रत्येक वेतास आठ पिलें, म्हणून एका मादीमागें अठ्ठ्याऐंशी. गुणाकार बरोबर आहे. पण मादीचें शरीर गुणाकारावर चालत नाहीं.

वर सांगितलेल्या नियमांनीं हाच हिशेब पुन्हा मांडावा. एप्रिल, मे व जून हे तीन महिने आपल्याकडे संयोग करविणें श्रेयस्कर नाहीं. राहिले नऊ महिने, म्हणजे सुमारें २७० दिवस. एका वेतास गर्भाचे ३१ दिवस, पाजण्याचे ३० दिवस व मादीच्या विसाव्याचे ९ दिवस धरले तर ७० दिवस झाले. दोनशें सत्तरांस सत्तरांनीं भागलें तर पुरतीं चार वेतेंहि येत नाहींत. जुलैंतील नरांचा नापीकपणा त्यांतून वजा जावयाचाच आहे. मेलेलीं पिलें, ओल्या गोणपाटाची मजुरी, वर्षभराचें वाळलें गवत, दुष्काळी वर्षांतील पाणी, या रकमा त्या कोष्टकांत नसतात. दाखविणारानें पिलें परत विकत घेण्याचा करार केला असेल तरी करारानें मे महिना थंड होत नाहीं. मुलकी दप्तरांत जन्म गेलेल्या माणसास एवढें कळतें कीं ज्या पत्रकांत फक्त जमेची बाजू आहे, तें पत्रक अपुरें होय.

याचा अर्थ ससे पाळूंच नयेत असा नाहीं. मांसाच्या जातींचा अभ्यास राजस्थानांतील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेंत, म्हणजे उष्ण प्रदेशांतहि, झालेला आहे. लोकरीच्या अंगोरा जातीचें काम मात्र त्याच संस्थेच्या हिमाचल प्रदेशांतील गडसा येथील थंड डोंगरी केंद्रांत होतें. त्यावरून ती जात आपल्या उन्हाची नव्हे हें उघड आहे. ज्याच्यापाशीं दाट सावली, भरंवशाचें पाणी, स्वतःचें गवत व रोज दोन वेळां खुराडें पाहणारें माणूस आहे, त्यानें दोन नर व पांच-सहा माद्या घेऊन एक पूर्ण उन्हाळा पार पाडावा, जन्म व मृत्यु यांची वही ठेवावी, आणि त्या वहीवरून पुढचा विचार करावा. कर्ज काढून पहिल्याच वर्षीं शंभर पिंजरे उभारूं नयेत. बैलाच्या चुकीच्या चाऱ्याची खूण आपणांस आठवड्यानें दिसते व दुरुस्तीस वेळ मिळतो. ससा एवढी सवड देत नाहीं. त्याचें हृदय जलद, आंतडें नाजुक व हाडें हलकीं आहेत; त्याच्या मालकास म्हणून सर्व शिकणें तो घरीं येण्यापूर्वींच शिकून घ्यावें लागतें.